बनियनवर बाहेर पडलं तर चालतं का?

सरळच सांगतो, माझ्या मते चालतं. बिनबाह्यांचा बनियन, आपण ज्याला सँडो म्हणतो तो, घालून एखादा पुरुष रस्त्यावर दिसला, बागेत दिसला, कोपऱ्यावरून काहीतरी आणायला निघालेला दिसला तर आभाळ कोसळत नाही. आता चालतं म्हणजे कुठेही, कसाही, कधीही चालतो असं मी म्हणत नाहीये. काही ठिकाणी तो अजिबात चालत नाही आणि तिथे मी स्वतः पण कडक आहे. पण कुठे आणि का चालत नाही याची जी कारणं लोक देतात ना, ती बहुतेक वेळा भलतीच असतात. मित्रांमध्ये यावरून मध्यंतरी इतका वाद झाला की दोघंजण दोन दिवस बोलत नव्हते, आणि त्या सगळ्या वादात घाम, कपडा, गर्दी यावर कोणी एक शब्द बोललं नाही, सगळा भर "बरं दिसत नाही" वर. बरं का दिसत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाच्या अंगावर दिसत नाही, हे कोणी विचारतच नाही. म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे अरे तो आतला कपडा आहे, आतच राहिला पाहिजे. ऐकल्या ऐकल्या पटतं पण. पण आतला कपडा कुठला आणि बाहेरचा कुठला ही काही काळ्या दगडावरची रेघ नाहीये, ती रेघ कायम सरकत आलीये. ज्या शर्टाला आज आपण सभ्यपणाची खूण समजतो तो शर्टच युरोपात कित्येक शतकं आतला कपडा होता. अठराव्या शतकातला तिथला बरा माणूस शर्टावर वेस्टकोट आणि कोट चढवल्याशिवाय लोकांत यायचा नाही, नुसत्या शर्टवर दिसणं म्हणजे अर्धवट कपड्यात दिसणं. तेव्हाचे शर्ट मांड्यांपर्यंत लांब असायचे आणि ती लांब टोकं आत खोचून अंडरवेअरचं काम पण त्यावरच भागवायचे. आज शर्टाच्या खाली पुढेमागे जो गोलसर लांब भाग असतो ना, तो त्याच जुन्या शर्टाची आठवण आहे. म्हणजे आज ऑफिसात जो कपडा आपण इस्त्री करून घालतो तो कधीकाळी कोणाला दाखवायचा नसायचा.

टीशर्टचं तर अजून जवळचं उदाहरण. अमेरिकन नौदलाने १९१३ च्या सुमारास खलाशांना युनिफॉर्मच्या आत घालायला पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, बटणं नसलेला सुती कपडा दिला. गरम डेकवर काम करताना खलाशी वरचा युनिफॉर्म काढायचे आणि नुसत्या त्यावर राबायचे, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी तेच केलं, घरी परत आल्यावर पण तो अंगावर राहिला, मग १९५० च्या दशकात मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन पडद्यावर नुसत्या टीशर्टमध्ये दिसले आणि पोरांनी उचलूनच धरला. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांना तो आतलाच कपडा वाटत होता. आज कोणी टीशर्ट घालून दारात आलं तर "अरे हा अंडरवेअरवर आला" असं कोणाच्या डोक्यात तरी येतं का?

आणि समुद्रकिनाऱ्याचं घ्या. १९३० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या बऱ्याच किनाऱ्यांवर पुरुषांनी छाती झाकलीच पाहिजे असा नियम होता, पुरुषांच्या पोहण्याच्या कपड्याला वरती बनियनसारखाच भाग असायचा, आणि तो न घालता आलेल्या पुरुषांना पकडून दंड व्हायचा. म्हणजे बनियनचा आकार हाच तेव्हा तिथे सभ्यपणा होता. त्याच्यावर दुसरं काही घालायची गरज नव्हती, तो घातला की तुम्ही झाकलेले. तीच छाती, तेच खांदे, तोच कापडाचा आकार, आणि वाळूवर चालतो पण रस्त्याच्या पलीकडे गेलं की चालत नाही. मला हे नेहमी विचित्र वाटत आलंय.

आता खेळाचं बघा, कारण मला वाटतं या सगळ्या वादाचं उत्तर अर्धं तिथेच मिळतं. धावणारे बनियनमध्ये धावतात. बास्केटबॉल बनियनमध्ये खेळतात. कुस्तीगीर, ऑलिम्पिकमधले बॉक्सर, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवाले, सगळ्यांच्या बाह्या गायब. हजारो लोकांसमोर, टीव्हीवर, देशाचं नाव छातीवर लिहून. तिथे कोणी नाक मुरडत नाही कारण तिथे कारण दिसतं, हात मोकळे पाहिजेत, घाम सुकला पाहिजे. पण गंमत अशी की खेळातसुद्धा प्रत्येक ठिकाणी हे एकसारखं नाहीये. २००२ साली कॅमेरूनची फुटबॉल टीम आफ्रिका कपला बिनबाह्यांच्या जर्सीत उतरली, प्यूमाने बनवलेली हिरवी जर्सी, आणि तो कप त्यांनी जिंकला सुद्धा. त्याच वर्षी वर्ल्डकपला फिफाने सांगितलं की असं चालणार नाही, जर्सीला बाह्या पाहिजेतच, आणि मग जपानमध्ये ते लोक त्या हिरव्या जर्सीला काळ्या बाह्या लावून खेळले. खेळाडू तेच, घाम तोच, फक्त स्पर्धा बदलली. टेनिसमध्ये पण तेच, २००२ च्या यूएस ओपनला टॉमी हासला बिनबाह्यांचा शर्ट घालून खेळू दिलं नाही आणि २००५ ला नदालने फ्रेंच ओपन जिंकली ती हिरव्या बिनबाह्यांच्या शर्टात. ३ वर्षांत खांद्यांमध्ये असा काय फरक पडला?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचं उदाहरण तर माझं आवडतं आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांनी खेळाडूंसाठी ड्रेसकोड आणला, त्यात टीमच्या किंवा लीगच्या कामावर असताना काय घालायचं नाही याची यादी होती आणि त्या यादीत बिनबाह्यांचे शर्ट स्पष्ट लिहिलेले होते. म्हणजे ज्या माणसाचा कामाचा युनिफॉर्मच बिनबाह्यांचा आहे त्याने कामावर येताना मात्र बाह्या घालून यायचं. आणि उलट बाजूने, २०१३ मध्ये याच लीगमध्ये बाह्यांच्या जर्सी आणून बघितल्या, खेळाडूंना त्या अजिबात आवडल्या नाहीत, लेब्रॉन जेम्सने २०१५ मध्ये चालू मॅचमध्ये स्वतःच्या बाह्या फाडल्या, आणि शेवटी त्या जर्सी गेल्याच. मला त्या ड्रेसकोडचा राग येत नाही, खरं सांगायचं तर मला तो समजतो. कोर्टवर कारण आहे, पत्रकार परिषदेत नाही. पण मग हे मान्य करा ना की प्रश्न जागेचा आणि कारणाचा आहे, बनियन नावाच्या कपड्यात मुळात घाण असं काही नाहीये.

आता ज्या गोष्टीमुळे मी खरंतर हे लिहायला बसलो ती. बनियन बघून नाक मुरडणारे लोक बनियन बघतच नसतात, ते आतला माणूस बघत असतात. बनियन मुळात राबणाऱ्या लोकांचा कपडा. पॅरिसच्या ले आल या जुन्या घाऊक बाजारातले हमाल बाह्या नसलेला विणलेला कपडा घालायचे, पोती उचलताना हात अडकू नयेत आणि पोट-कंबर उबदार राहावी म्हणून. गोदीत, भट्टीपाशी, जहाजाच्या इंजिनरूममध्ये, बांधकामावर, जिथे जिथे अंगमेहनत आणि उष्णता आहे तिथे तिथे हा कपडा आहे. आणि मग सिनेमावाल्यांनी काय केलं, तर गरीब, भांडखोर, दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा माणूस दाखवायचा असला की त्याला मळका बनियन घातला. वर्षानुवर्षं. इतकं की आता बनियनमधला माणूस दिसला की बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप "हा कसला माणूस" असं सुरू होतं. हे त्या कपड्यावर आणि तो घालून इमानदारीत काम करणाऱ्या लाखो लोकांवर अन्याय करणारं आहे आणि मला याचा मनापासून राग येतो.

कारण तोच कपडा दुसऱ्याच्या अंगावर गेला की एकदम टाळ्या. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पांढऱ्या बनियनमध्ये आणि जीन्समध्ये स्टेजवर आला, समोर ७० हजारांवर लोक, आणि आज त्या बनियनमधलं चित्र म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी असं झालंय. ब्रूस विलिसने १९८८ च्या ॲक्शन सिनेमात घातलेला, रक्ताने आणि काजळीने माखलेला बनियन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमच्या संग्रहात आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत मिलानमधल्या फॅशन शोमध्ये प्राडाने पहिलीच मॉडेल साध्या पांढऱ्या रिबच्या बनियनमध्ये पाठवली, छातीवर फक्त त्यांचा त्रिकोणी लोगो, आणि त्याच आठवड्यात बोतेगा वेनेताचा पहिला लुक पण पांढरा बनियन आणि जीन्ससारखी दिसणारी चामड्याची पँट. सगळ्या मासिकांनी लिहिलं काय साधेपणा, काय ताजेपणा. ज्या कपड्यात पोती उचलणाऱ्या माणसाला हॉटेलच्या दारातून परत पाठवतात तोच कपडा लोगो लावून त्याच हॉटेलात जेवायला बसतो. ज्यांना बनियन खरोखरच वाईट दिसतो त्यांना तो दोघांच्या अंगावर वाईट दिसायला हवा. एकाच्या अंगावर फॅशन आणि दुसऱ्याच्या अंगावर असभ्यपणा वाटत असेल तर तक्रार कपड्याबद्दल नाहीचे.

याचाच चुलत भाऊ म्हणजे "बॉडी असेल तर चालतं". हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय आणि दर वेळी मला ते आवडत नाही. म्हणजे दंड भरलेले असतील, पोट सपाट असेल, छातीवर केस नसतील तर बनियन, नाहीतर झाकून ठेवा. का पण? पोट सुटलेल्या माणसाला गरम होत नाही का, उलट त्याला जास्तच होतं. साठीतल्या माणसाच्या दंडाची कातडी लोंबते म्हणून त्याने उकाड्यात बाह्या घालून बसायचं? अंगावर केस आहेत, पांढरे डाग आहेत, ऑपरेशनचा व्रण आहे, खांद्यावर पुरळ आहे, यातलं काहीही दुसऱ्या माणसाला त्रास देत नाही. बघायला सुंदर वाटेल तेवढंच शरीर बाहेर काढायचं असा नियम केला तर तो सभ्यतेचा नियम नाही, ती सौंदर्यस्पर्धा आहे आणि रस्त्यावर चालायला कोणी त्यात नाव दिलेलं नसतं. नियम करायचा तर सगळ्या शरीरांना एकच.

बायकांच्या बाबतीत पण तेच. बिनबाह्यांचा टॉप घातलेल्या बाईला एका ठिकाणी अडवायचं आणि त्याच ठिकाणी बनियनवरच्या पुरुषाला सोडायचं, किंवा उलट, हे मला मान्य नाही. खांदे झाकायचे तर दोघांनी. व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स बॅसिलिका हे मोठं चर्च या बाबतीत मला सरळ वाटतं, तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत आणि हे पुरुष-बाई दोघांना लागू आहे, पुरुष आहे म्हणून बनियनवर आत सोडत नाहीत.

बरं, मग खरा आक्षेप कुठला? माझ्या मते एकच आहे, काख. ऐकायला कसंतरी वाटेल पण सगळं तिथेच येऊन थांबतं. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात, त्यातल्या बहुतेक नुसतं खारट पाणी सोडतात, अंग थंड करायला, त्या पाण्याला फारसा वास नसतो. काखेत मात्र त्याशिवाय वेगळ्या ग्रंथी असतात ज्या वयात आल्यावर सुरू होतात, त्यांच्या घामात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. तो घाम पण ताजा असताना वास मारत नाही, कातडीवरचे बॅक्टेरिया त्यातल्या गोष्टी फोडतात तेव्हा जो वास येतो तो आपल्याला माहीत असलेला वास. आता बनियनची रचना बघा, बरोबर काखेच्या जागीच कापड नाही. म्हणजे ज्या घामाला टिपायची सगळ्यात जास्त गरज तोच टिपला जात नाही, तो कातडीवर, केसांत राहतो आणि हात वर केला की समोरच्याच्या नाकाशी. (शर्टाच्या आत घालायला सुद्धा म्हणूनच बाह्यांचा बनियन जास्त उपयोगी, शर्टाच्या काखेत जे पिवळट डाग पडतात ते घाम आणि अँटिपर्स्पिरंटमधलं अ‍ॅल्युमिनियम एकत्र आल्यामुळे पडतात आणि सँडो त्याला काहीच अडवत नाही. लोक वर्षानुवर्षं सँडो घालतात आणि डागांची तक्रार करतात.)

म्हणून मी स्वतःसाठी जी कसोटी ठरवलीये ती अंतराची आहे. अनोळखी माणूस माझ्या काखेपासून किती लांब असणार आहे? बागेत, रस्त्यावर, किनाऱ्यावर, अंगणात, बाल्कनीत तो हात-दोन हात लांब असतो, वारा असतो, मग काहीच प्रश्न नाही. भरलेल्या बसमध्ये, ट्रेनमध्ये, जिथे वरची कडी धरून उभं राहायचं आणि खाली कोणीतरी बसलेलं आहे, तिथे माझी काख नेमकी त्याच्या तोंडासमोर येते, आणि त्या बिचाऱ्याला उठून जाता पण येत नाही. तिथे बनियन नको म्हणजे नको. विमानात तर तासन्तास दंडाला दंड घासत बसायचं, शेजारच्याचा उघडा घामट दंड आपल्या दंडाला चिकटतोय हे कोणालाच नको असतं. लिफ्ट, सिनेमाहॉलच्या खुर्च्या, वेटिंग रूम, हे सगळं त्यातच. यात तुम्ही कोण आहात, तुमची बॉडी कशी आहे, बनियन कुठल्या कंपनीचा आहे याचा काही संबंध नाही, महागातल्या बनियनमधली काख पण काखच.

जिममध्ये उलटं होतं. तिथे बनियन सगळ्यांना मान्य आहे पण तिथे पाठ बाकाला टेकते, आणि आजकाल जे एकदम बारीक पट्ट्यांचे, बरगड्यांपर्यंत कापलेले बनियन घालतात त्यात अर्धी पाठ उघडी असते. घाम बाकावर, मग दुसरा त्यावर झोपतो. नायटा आणि कातडीचे काही जिवाणूंचे संसर्ग असेच पसरतात, अंगाला अंग लागून किंवा एकाच पृष्ठभागाला दोघांचं अंग लागून. तिथे बनियन काढा असं मी म्हणणार नाही, टॉवेल अंथरा आणि उठल्यावर पुसा, विषय संपला.

दुसरी कसोटी म्हणजे तो बनियन आज काय काम करून आलाय. दिवसभर शर्टाच्या आत राहून घाम प्यायलेला बनियन, आणि संध्याकाळी शर्ट काढून तसंच बाहेर पडणं, हे मला पण नको वाटतं, कारण तेव्हा तो खरोखरच आतला कपडा आहे, वापरून झालेला. आणि धुतलेला, बाहेर घालायचा म्हणून ठरवून घातलेला बनियन हा वेगळा कपडा आहे, दिसायला अगदी सारखा असला तरी. बघणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. पिवळी पडलेली काख, सैल होऊन लोंबणारा गळा, पाठीवर भोकं, यावरून कळतं. गरीबीमुळे कोणाकडे तेवढाच असेल तर मी त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, पण कपाटात दहा चांगले असताना भोकाचा घालून बाहेर येणाऱ्याला मात्र सांगावंसं वाटतं की बाबा रे, घरात घाल.

कापडाचं पण सांगतो कारण इथे खरंच फरक पडतो. आत घालायचा बनियन मुद्दाम पातळ विणतात, वरच्या शर्टातून जाड दिसू नये म्हणून. तो ओला झाला की आरपार दिसतो, आणि त्याचं कारण असं की सुक्या सुती कापडात धाग्यांच्या मध्ये हवा असते, प्रकाश हवा आणि धागा यांच्या सीमेवर सगळीकडे विखुरतो म्हणून कापड पांढरं आणि अपारदर्शक दिसतं, पाणी भरलं की धागा आणि पाणी यांच्यात प्रकाशाला तितका फरक जाणवत नाही, तो कमी विखुरतो आणि सरळ आत जातो. म्हणजे घाम आला की पातळ पांढरा बनियन हा जवळजवळ नसल्यासारखाच. बाहेर घालायचा असेल तर जाड रिबचा घ्या किंवा गडद रंगाचा, काखेचा कट वर असलेला, लांबी कंबरेच्या खाली येईल असा, वाकलं की पाठ उघडी पडता कामा नये. आणि शर्टाच्या आत घालायचा असेल तर पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन उठून दिसतो, फिकट राखाडी किंवा कातडीच्या जवळचा रंग कमी दिसतो, हे करून बघा.

उन्हाचं मात्र लोक विसरतात. गरम होतंय म्हणून बनियन घालतात पण खांद्याचा वरचा भाग दुपारच्या उन्हाला एकदम सरळ समोर असतो, नाकासारखाच, तोच आधी भाजतो. पातळ सुती पांढरं कापड सुद्धा उन्हातल्या अतिनील किरणांना पूर्ण अडवत नाही, ओलं झालं की अजूनच कमी, मग उघड्या कातडीचं तर बोलायलाच नको. शेतात, बांधकामावर दिवसभर उन्हात काम असेल तर मी उलट म्हणेन की सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट बनियनपेक्षा बरा. सावलीत, भट्टीपाशी, घरात बनियन. मशीनवर तर लोंबत्या सैल बाहीपेक्षा बनियन बराच म्हणायचा कारण बाही अडकून हात आत ओढला जातो, पण वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतील तर उघडा खांदा म्हणजे भाजून घेणं. कामाप्रमाणे बघायला लागतं.

कायद्याचं थोडक्यात. बार्सिलोनाने २०११ मध्ये किनारा सोडून शहरात उघड्या अंगाने किंवा नुसत्या पोहायच्या कपड्यात फिरणाऱ्यांना दंड लावला. चीनमध्ये जिनान शहराने २०१९ मध्ये उन्हाळ्यात शर्ट-बनियन पोटाच्या वर गुंडाळून फिरणाऱ्या पुरुषांवर बंदी आणली. दोन्हीकडे आक्षेप उघड्या अंगाला आहे. बाकी हॉटेल, क्लब, ऑफिस यांनी स्वतःच्या दारावर काय लिहायचं तो त्यांचा हक्क आहे, मी तो मानतो, फक्त जे लिहिलंय ते सगळ्यांना सारखं लावा, कंत्राटी कामगाराला एक आणि फॅशनवाल्या गिऱ्हाईकाला एक असं नको.

आणि काही जागा अशा आहेत जिथे अंतर, कापड, ऊन काही विचारायचंच नाही. कोणाच्या अंत्यविधीला, कोर्टात, कोणाच्या प्रार्थनेच्या जागी, कोणाचं माणूस अतिदक्षता विभागात आहे तिथे भेटायला. तिथे आपण आपल्या सोयीसाठी गेलेलो नसतो. सरळ कामावरून धावत आला असेल आणि बनियनवरच पोचला असेल तर त्याला कोणी काही बोलू नये, उलट एखाद्याने आपला शर्ट, शाल काही असेल ते खांद्यावर टाकावं. पण घरून निघालेल्याने बाह्या घालूनच निघावं.

आता कोणाला टोकायचंच असेल तर कसं, हे पण लोक विचारतात. बसमध्ये घामट काख तोंडासमोर असेल तर "जरा हात खाली घेता का" एवढंच म्हणा, बहुतेक लोक लगेच घेतात, वाईट पण वाटून घेत नाहीत. "काय हे, बनियनवर फिरता" असं म्हणू नका, कारण त्या वाक्यात तुम्ही त्याच्या कपड्याबद्दल बोललात असं त्याला वाटत नाही, तो कुठून आलाय याबद्दल बोललात असं वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. त्रास नेमका कशाचा आहे तेवढंच बोला, हलक्या आवाजात, त्याच्या बरोबर असलेल्या पोराबाळांसमोर नाही. आणि तो लांब उभा असेल, घाम सुकलेला असेल, आपल्या वाटेने चाललेला असेल, तर त्याला टोकायला आपल्याकडे काही कारणच नाही.